धुळ्याच्या गल्ल्या कानात घेऊन फिरा

पाहुण्यांना जुनं धुळं बघायचं असतं, आपल्याला मात्र सुट्टी नसते. मग आजोबांच्या आवाजात गल्ल्यांची माहिती रेकॉर्ड करून पाहुण्यांना पाठवा, ते ऐकत ऐकत फिरतील. ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्जच्या काळात आखलेल्या पेठेत गल्ल्यांना नंबरच असल्याने हे सोपं जातं.

१. आजोबांसोबत सकाळी एकदा फिरा. प्रत्येक थांब्याला फोनवर वेगळं रेकॉर्डिंग करा, दोन मिनिटांच्या आत. अहिराणीत बोलले तर बोलू द्या, मजा त्यातच आहे.

२. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी पुढचा रस्ता सांगायला लावा: "आता डावीकडे वळा."

३. फाइलचं नाव '०१ गल्ली ४ कोपरा' असं ठेवा. आधीचा शून्य विसरलात तर काही फोनमध्ये १ नंतर थेट १० वाजतं.

४. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नावं टिकतात.

पाहुण्यांना सांगा, इअरफोन एकाच कानात घाला; आग्रा रोडवर दुसरा कान रिक्षांसाठी लागतो.