गिझरचा गरम पाण्याचा पाइप गळत होता, काय बदललं ते सांगतो

आमचा गिझर १५ लिटरचा, आणि त्याच्या गरम बाजूला प्लंबरने साधा पांढरा पीव्हीसी कनेक्शन पाइप ठोकून दिलेला, तो नटापाशी मऊ पडून फुगला आणि थेंब थेंब सुरू. दुकानदार म्हणे तसलाच न्या, स्वस्तात होईल, पण आत पाणी ६०-७० डिग्रीपर्यंत तापतं आणि साध्या पीव्हीसीला ते झेपत नाहीच, म्हणून स्टीलच्या जाळीचे अर्धा इंची पाइप आणले, जरा लांबच, ताणून बसवायचे नसतात. घेताना नट पितळेचा आहे ना बघा, काहींना वरून चकाकी आणि आत प्लास्टिक असतं!

भिंतीतली लाइन सीपीव्हीसी (गरम पाण्यासाठीचं पीव्हीसी) आहे, ती ९३ डिग्रीपर्यंत चालते, तिला हात लावला नाही.

आधी गिझरचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) खाली, मग कॉक बंद, पाणी काढलं. गिझरच्या तोंडाशी निळी रिंग ती थंड बाजू, लाल ती गरम. नटात रबरी वायसर असतो त्यामुळे तिथे टेफ्लॉन टेप (आट्यांवर गुंडाळायची पातळ पट्टी) लागत नाही, ती फक्त एल्बोत (वळणाच्या जोडात) निप्पल (आट्यांचा छोटा तुकडा) बसवताना. नट हाताने आवळायचा, मग पान्याने थोडासाच, जोर केला की वायसर चिरतो आणि परत गळती.

थंड बाजूचा सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र काढू नका, प्लंबर काढायला सांगत असला तरी. पाणी तापताना फुगतं, तेव्हा त्यातून चार थेंब पडणारच. आणि गरम नळाला सलग धार आली की मगच स्विच चालू करा, टाकी रिकामी असताना केला तर कॉइल गेलीच समजा.