ब्रिटिश कोलंबियात आमदारकी लढवायची तर

उमेदवाराला १८ वर्षं पूर्ण हवीत, नागरिकत्व कॅनडाचं हवं आणि प्रांतात सहा महिने वास्तव्य हवं. त्याच मतदारसंघात राहण्याची अट नाही. पीआरवर (कायम वास्तव्याच्या परवान्यावर) असताना उभं राहता येत नाही, मतही देता येत नाही. पण दारोदार प्रचार करता येतो. ती वर्षं वाया घालवू नका.

पहिली लढत पक्षातच होते. बहुधा स्थानिक सदस्य मत देऊन उमेदवार ठरवतात, त्यामुळे सारी मदार सदस्यनोंदणीवर. नोंदणीची मुदत उमेदवार ठरवण्याच्या बैठकीच्या बरीच आधी संपते. ती हुकली की सभागृह समर्थकांनी भरलं तरी त्यांना मतपत्रिका मिळत नाही.

अर्जाला त्याच मतदारसंघातल्या ७५ मतदारांच्या सह्या लागतात. शंभरेक तरी घ्या. रस्त्यापलीकडचा शेजारी दुसऱ्या मतदारसंघातला निघतो आणि सही बाद होते.

पैशात चूक झाली तर सर्वांत महागात पडते. सगळा व्यवहार नेमलेल्या आर्थिक प्रतिनिधीमार्फतच करायचा. २०१७पासून कंपन्या आणि कामगार संघटनांच्या देणग्या बंद आहेत. देणगीदार प्रांतात राहणारा नागरिक किंवा पीआरधारकच हवा. म्हणजे टोरांटोच्या मेव्हण्याचा चेक चालत नाही, आणि मित्राने दुकानाच्या कंपनी खात्यातून दिलेलाही नाही. चेक कुणाच्या खात्याचा आहे ते घेतानाच पाहा. मतदानानंतर ९० दिवसांत हिशेब द्यावा लागतो.

धीर किती लागतो ते उज्ज्वल दोसांझ यांच्या कारकिर्दीत दिसतं. १९७९ आणि १९८३ला ते हरले, १९९१ला व्हँकुव्हर-केन्सिंग्टनमधून निवडून आले. पहिल्या पराभवापासून पहिल्या विजयापर्यंत १२ वर्षं गेली. २०००मध्ये ते प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री झाले. भारतीय वंशाच्या व्यक्तीला कॅनडात हे पद प्रथमच मिळालं. पुढच्याच वर्षी त्यांच्या पक्षाला ७९पैकी २ जागा उरल्या आणि स्वतः तेही पडले. लाट उलटली की कामाची पुण्याई पुरत नाही, हे आधीच मनाशी धरा आणि आपला व्यवसाय मोडू नका. पुढे ते संघीय संसदेत गेले. २००८ची जागा अवघ्या २० मतांनी राखली.

इतका निसटता निकाल प्रांतातही लागतो. २०२४ला सरे-गिल्डफर्डची जागा फेरमोजणीनंतर २२ मतांनी ठरली, आणि ९३पैकी ४७ जागांचं काठावरचं बहुमत तिच्यावरच उभं राहिलं. त्या वर्षी १० लाखांहून अधिक लोकांनी आगाऊ मतदान केलं होतं. म्हणून आपल्या मतदारांना फोन आगाऊ मतदानाच्या पहिल्या दिवसापासूनच सुरू करा, आणि मोजणीच्या टेबलांवर आपले प्रतिनिधी बसवा.