जुन्या ट्रॅक्टरला कोणतं ऑइल टाकायचं आणि पैसा आधी कुठं लावायचा

शेडमधी जुनी बी-२७५ नाहीतर मॅसी १०३५ उभी असली की पहिला विचार कलरचा आणि बंपरचा येतो, पण भो, आधी ऑइल बघा.

इंजिनला २०डब्ल्यू-४० डिझेल ग्रेड मस्त चालतं, मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तिथं पातळ ऑइलचं काय काम, आणि महागडं सिंथेटिक तर या इंजिनला लागतच नाही. आधी कोणतं ऑइल होतं माहीत नसेल तर नवीन टाकल्यावर पहिल्यांदा ५० तासांतच फिल्टरसकट बदलून टाका, कारण नवं ऑइल जुना गाळ सुटा करतं आणि तो फिल्टरमधी जाऊन बसतो.

खरा घोळ बॅकेंडला, म्हणजे मागच्या गिअर आणि लिफ्टच्या भागाला होतो. मॅसीच्या जुन्या मॉडेलांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट एकाच ऑइलवर चालतात आणि दुकानदार विचारतो "नव्वद देऊ का?", म्हणजे ९० नंबरचं जाड गिअर ऑइल, आपण हो म्हणतो. त्या डब्यावर जीएल-५ (गिअर ऑइलचा एक दर्जा) लिहिलेलं असलं तर जरा थांबा, त्यातलं गंधकवालं केमिकल पितळी बुश खातं, शिवाय ऑइल इतकं जाड की डिसेंबरच्या सकाळी लिफ्ट उचलायलाच तयार होत नाही. पुस्तकात जे सांगितलंय तेच घ्या, पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या डीलरकडं मॉडेल सांगून विचारा, गल्लीतल्या मिस्त्रीच्या अंदाजावर नको. काढलेलं ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, मग गिअर लिव्हरचं रबरी बूट फाटलंय का ते आधी बघा.

रेडिएटरमधी बोअरचं पाणी टाकू नका, आपल्याकडचं पाणी जड, पांढरा थर धरतं आणि मग केळीत रोटावेटर फिरवताना काटा लालमधी जातो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून फेकायची सवय पण सोडा भाऊ, थंडीत इंजिन गरमच होत नाही आणि धूर मारत राहतं. झाकण गरम असताना उघडायचं नाही हे सांगायला नको.

ऑइल बाथ एअर क्लीनर (तेलाच्या वाटीत हवेतली धूळ पकडणारा) असेल तर कपाशीच्या वावरात फुफाट्यात काम चाललंय तोपर्यंत रोज उघडून बघा, वाटीत तळाला चिखल बसला की धुवा आणि इंजिनचंच ऑइल खुणेपर्यंत भरा, खुणेच्या वर नको, जास्तीचं ऑइल इंजिन ओढून घेतं. डिझेलचा पंप इनलाइन प्रकारचा असेल तर त्याचंही ऑइल वेगळं असतं, तिथं लेव्हल वाढलेली दिसली तर डिझेल गळतंय समजा.

आता अपग्रेड. बॅटरी चार्ज करणारा जुना डायनमो काढून अल्टरनेटर बसवणं सगळ्यात कामाचं, हळू आरपीएमवरही चार्जिंग होतं, मग एलईडी हेडलाइट लावून रात्री ट्रॉली घेऊन निघता येतं. बसवायच्या आधी एकदा बघा बॅटरीची कोणती तार बॉडीला आहे, जुन्या विलायती वायरिंगमधी प्लस बॉडीला असायची, अल्टरनेटरला मायनस बॉडीला लागतो, उलटं जोडलं तर त्याचे डायोड तिथंच जळतात. पॉवर स्टीअरिंगचं किट नंतर, आधी ब्रेकचे लायनर आणि ट्रॉलीमागचे लाल रिफ्लेक्टर.