आषाढीला वेल, कार्तिकीला रताळं... आणि बदाम लावायचाच असेल तर कुठं

मिरगाचे दोन पाऊस झाले की आमच्या गल्लीत एकच विषय, अंगणात यंदा काय लावायचं. या आठवड्यात दोघांनी मला सेम प्रश्न विचारला, जागा एकच आहे, रताळ्याचा वेल लावू का बदामाचं झाड. उभ्या उभ्या उत्तर दिलं पण ते अर्धवटच झालं म्हणून आता नीट लिहितो. हे सगळं सोलापूर आणि आसपासच्या काळ्या चुनखडीच्या जमिनीचा हिशोब धरून आहे बरं का, कोकणातल्या लोकांनी जसंच्या तसं घेऊ नका.

आधी बदामाचं सांगतो कारण फसगत तिथंच होते. आम्ही स्वतः एका नर्सरीतून "काश्मिरी बदाम" म्हणून रोप आणलं होतं, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येत होतं तरी अण्णांनी त्याला रोज सकाळी तांब्याभर पाणी घातलं, पाच वर्षं, आणि फूल म्हणून दिसलं नाही, शेवटी एका मे महिन्यात वाळून गेलं. तो ड्रायफ्रूटवाला बदाम आहे ना, त्याला कळी धरायला हिवाळ्यात कित्येक तास सात डिग्रीच्या खालची थंडी लागते, आपल्याकडं जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेतसुद्धा पारा तिथपर्यंत सहसा उतरत नाही. त्यामुळं कुणी कितीही छातीठोक सांगितलं तरी तो बदाम सोलापुरात घेऊ नका. काजूचंही तसंच, त्याला निचऱ्याची तांबडी जमीन मानवते, आपल्या काळ्या मातीत पाणी साचलं की मुळं जातात आणि मोहर कसाबसा आलाच तर कोरड्या उन्हात गळून जातो.

इथं जगतो तो देशी बदाम, शाळेच्या मैदानात असतो तोच, मजल्यामजल्यानं आडव्या फांद्या आणि पानं गळायच्या आधी लालभडक. मूळचा समुद्रकाठचा आहे पण पहिले दोन उन्हाळे पाणी मिळालं की आपल्याकडंही तग धरतो. साधारण तीन ते पाच वर्षांत फळ लागतं. फळ खाऊन झालं की आतली कडक कोय वाळवायची आणि उभी धरून दगडानं फोडायची, आत निघणारा गर शेंगदाण्याएवढा लांबट, चवीला चांगला, तेलकट. पण पोरं तासभर फोडत बसतात तेव्हा कुठं मूठभर निघतो, म्हणजे घरच्या बदामाची खीर वगैरे डोक्यातून काढा. हे झाड लावायचं ते सावलीसाठी. हिवाळ्याच्या शेवटी जुनी पानं झडतात आणि ऐन एप्रिल-मेला, पारा बेचाळीसच्या पुढं असतो तेव्हा, नवी पालवी भरलेली असते, घराच्या पश्चिमेला असेल तर दुपारची भिंत तापत नाही, हा फायदा मला गरापेक्षा मोठा वाटतो.

मात्र जागा बघून. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यात मोठं झाड पायाजवळ असेल तर ते तिथलं पाणी ओढून घेतं आणि भिंतीला तडे जायची भीती असते. भिंतीपासून किमान वीस फूट मोकळं नसेल तर देशी बदाम लावू नका, सरळ सांगतो. आणि पानं तळहातापेक्षा मोठी असतात, गच्चीच्या पाईपात अडकली की पहिल्याच पावसात गच्चीचं तळं होतं. लावायचा असेल तर जून-जुलैमध्ये तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात कुजलेलं शेणखत आणि थोडा मुरूम मिसळलेली माती, आणि उन्हाळ्यासाठी बुडाला बारीक भोक पाडलेलं मडकं शेजारी पुरून ठेवा.

आता रताळं. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी म्हणजे चार महिने, मोजले तर ११८ दिवसांच्या आसपास. आणि रताळं तयार व्हायला लागतात ११० ते १२० दिवस. आपण पंढरपूरच्या जिल्ह्यातली माणसं, अजून दुसरं कॅलेंडर कशाला पाहिजे, वारी पोचली की वेल लावायचा आणि कार्तिकीच्या उपासाला खणायचा. मधे अधिक महिना आला तर लावणी महिनाभर पुढं ढकला, रताळं जास्त दिवस मातीत राहिलं की त्याला भुंगा लागतो.

१० बाय १० फुटाची जागा धरा. आपली चिकण काळी माती रताळ्याला तशी आवडत नाही, त्यात ते वाकडंतिकडं होतं, करमाळ्याकडं उजनीच्या काठाला चांगलं येतं ते तिथल्या मातीमुळं. म्हणून पोयटा, म्हणजे नदीकाठची गाळाची माती, किंवा जाड वाळू मिसळा, तीन-चार घमेली शेणखत, पण पूर्ण कुजलेलंच, कच्चं घातलं तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते. चुलीची राख टाकू नका, आपली माती आधीच चुनखडीची. युरिया तर अजिबात नको, वेल असा माजतो की बघणारे खूश आणि खाली बोटाएवढी मुळं. मग दोन-दोन फुटावर वरंबे करायचे, चांगले फूटभर उंच, कारण सोलापुरात खरा पाऊस सप्टेंबरात येतो आणि सपाट जागेत तेव्हाच रताळी सडतात.

लावायला बी किंवा रताळं नाही, वेलाचा शेंड्याकडचा तुकडा घ्या, वीतभर ते सवा वीत, त्याला चार-पाच डोळे पाहिजेत. खालची पानं काढून मधले दोन-तीन डोळे मातीत दाबायचे, शेंडा वर. फुटाफुटावर लावले तर या जागेत पन्नासेक वेल बसतात. पहिले दहा दिवस पाऊस नसेल तर दिवसाआड पाणी, नंतर ऑगस्टात पावसाचा खंड पडतो तेव्हा आठ-दहा दिवसांनी एकदा. बाथरूमचं साबणाचं पाणी बदामाला चालून जाईल, खायच्या रताळ्याला घालू नका.

एक महिन्यानं आणि दोन महिन्यानं वरंब्याला मातीची भर लावायची, हे काम लोक हमखास टाळतात आणि तिथंच नुकसान होतं. काळी माती भेगाळली की सोंड्या भुंगा त्या भेगेतून थेट रताळ्यापर्यंत जातो, आत अंडी घालतो, वरून काही कळत नाही आणि शिजवल्यावर कडू घाण वास येतो. भेग दिसली की बुजवा, एवढंच औषध. वेल पसरून जागोजागी मुळं धरतो तीही महिन्यातून एकदा अलगद उचलून मोकळी करा, नाहीतर सगळीकडं करंगळीएवढी रताळी होतात. आणि घुशीवर लक्ष ठेवा, एका रात्रीत अर्धा वाफा संपवते.

काढायच्या आधी एक रताळं उकरून कापून बघा. काप कोरडा पांढरा वाळला तर तयार, चीक काळसर हिरवट पडला तर अजून आठवडा थांबा. खणताना कुदळ वरंब्याच्या कडेनं मारायची, मधोमध नाही. माती नुसती झटकायची, धुवायची नाही, आणि पाच-सहा दिवस सावलीत पसरून ठेवायची, मग टिकतात पण आणि गोडीही वाढते. वेलाला पाव ते अर्धा किलो धरलं तरी पन्नास वेलांचं घर पुरून शेजारी द्यायला होतं, कोवळ्या पानांची भाजी होते आणि उरलेला वेल शेळ्या आवडीनं खातात.

म्हणून त्या दोघांना माझं सांगणं असं की यंदा त्या जागेत रताळंच लावा. चार महिन्यात खाल्लं पण जाईल, माती खणून भुसभुशीत पण होईल, आणि पाणी कुठं साचतं ऊन कुठून येतं हे सगळं कळेल, मग पुढच्या मिरगाला तिथंच बदामाचा खड्डा घ्यायचा का नाही ते ठरवा. बदाम लावला तरी पहिली दोन वर्षं चार-पाच फूट सोडून रताळ्याचा वेल घेता येतो, त्यापेक्षा जवळ खणलं की झाडाची मुळं तुटतात.

आणि कार्तिकीला सगळे वेल शेळ्यांना घालू नका. चांगली रताळी लागलेले, न किडलेले चार-पाच वेल बाजूला काढून मोरीच्या सावलीत जुन्या बादलीत लावून ठेवा, उन्हाळाभर दिवसाआड पाणी घातलं की जूनला लावणीपुरते शेंडे घरचेच मिळतात.