मॅटवेबवरची मटेरियलची नोंद कशी वाचावी: ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियमचं उदाहरण

ब्रॅकेटची जाडी काढायची आहे आणि मटेरियल ठरलंय अ‍ॅल्युमिनियम ६०६१-टी६. मॅटवेबवर, म्हणजे मटेरियलच्या गुणधर्मांच्या ऑनलाइन डेटाबेसवर, शोधलं की यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणापुढे धातू कायमचा वाकतो) २७६ मेगापास्कल दिसते. बरेच जण तेवढाच आकडा उचलून हिशेबाला बसतात. आकडा बरोबर आहे. पण तो कोणत्या अवस्थेतल्या मालाचा, कशावर मोजलेला आणि किमान की सरासरी, हे त्याच नोंदीत शेजारी लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय तो आकडा डिझाइनमध्ये घेऊच नये.

आधी योग्य नोंद गाठा

नुसतं ६०६१ टाकलं तर ओ, टी४, टी६, टी६५१ अशा अनेक नोंदींची यादी येते. शेवटचं हे अक्षर-आकड्याचं शेपूट म्हणजे टेंपर, म्हणजे मालावर कोणती उष्णताप्रक्रिया झाली आहे ते. त्याकडे दुर्लक्ष करणं फार महाग पडतं: ६०६१-ओ ची यील्ड स्ट्रेंग्थ ५५ मेगापास्कल आहे, म्हणजे टी६ च्या पाचव्या हिश्श्याएवढीच. म्हणून शोधताना टेंपरसकट नाव टाका, किंवा यूएनएस क्रमांक (मिश्रधातूंचा अमेरिकन ओळख क्रमांक) ए९६०६१ वापरून त्यातून टेंपर निवडा.

बाजारातलं नाव थेट डेटाबेसमध्ये टाकू नका. आपल्याकडे दुकानदार सर्रास ‘एचई-३०’ म्हणतात. तो ६०८२ च्या जातीचा माल आहे. ६०६१ च्या जवळचा माल जुन्या ब्रिटिश पद्धतीत एचई-२०. दोन्ही चांगलेच आहेत, पण नोंदी वेगळ्या आहेत.

यादीत ‘ओव्हरव्ह्यू’ नावाच्या नोंदीही दिसतील. त्या एका मटेरियलच्या नसतात. गटातल्या अनेक ग्रेडचे कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडे तिथे एकत्र दिलेले असतात. मटेरियलचा गट निवडायला त्या उपयोगी, हिशेबाला नाहीत.

मग शेरे वाचा, आकडे नंतर

प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला शेऱ्यांचा रकाना असतो. माझ्या मते अख्ख्या पानावरचा सर्वांत मोलाचा भाग तोच. ६०६१-टी६ च्या स्ट्रेंग्थपुढे ‘एए, टिपिकल’ असं लिहिलेलं आहे: आकडा अ‍ॅल्युमिनियम असोसिएशनचा आणि नेहमी आढळणारा. याचा अर्थ काही माल त्याहून कमी भरू शकतो. पुरवठादार बांधील असतो तो मानकातल्या किमान मूल्याला. अमेरिकन मानकांत ६०६१-टी६ पत्र्याची आणि एक्स्ट्रूजनची (साच्यातून दाबून काढलेल्या मालाची) किमान यील्ड साधारण २४० मेगापास्कल आहे. टेन्साइल स्ट्रेंग्थ (तुटण्याआधी धातू सोसतो तो सर्वाधिक ताण) टिपिकल ३१० आहे, पण किमान पाहिली तर पत्र्याला २९० आणि एक्स्ट्रूजनला २६०. ताकदीचं डिझाइन किमान मूल्यावरच करावं. विमान उद्योग याहून कडक असतो: तिथल्या ‘ए-बेसिस’ मूल्याला किमान ९९ टक्के माल उतरेल, याची ९५ टक्के खात्री असावी लागते.

इलाँगेशनच्या (तुटेपर्यंत नमुना किती लांबतो त्याच्या) दोन ओळी दिसतील, १२ टक्के आणि १७ टक्के. त्यात विसंगती नाही. पहिला आकडा सुमारे १.६ मिलिमीटर जाडीच्या नमुन्याचा, दुसरा १२.७ मिलिमीटर व्यासाच्या. तुमचा भाग ज्याच्या जवळचा, तो आकडा घ्या.

फटीग स्ट्रेंग्थ (वारंवार येणारा भार धातू किती सोसतो ते) ९६.५ मेगापास्कल, आणि शेऱ्यात ५० कोटी आवर्तनं. प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत नमुन्यावर, ताण-दाब पूर्ण उलटसुलट करून केलेली ही चाचणी आहे. पोलादासारखी स्पष्ट फटीग मर्यादा अ‍ॅल्युमिनियमला नसते, त्यामुळे आवर्तनांचा आकडा सोडून ही ओळ उचलली तर तिला अर्थच उरत नाही. भागावर खाच, भोक किंवा खरखरीत मशीनिंग असेल तर प्रत्यक्ष मूल्य आणखी खाली जातं.

नोंदीत नसलेलंही विचारात घ्या

टी६ ची ताकद उष्णताप्रक्रियेतून आलेली असते. वेल्डिंगच्या शेजारच्या पट्ट्यात ती प्रक्रिया बिघडते आणि टेन्साइल स्ट्रेंग्थ जवळजवळ निम्म्यावर येते. मूळ धातूच्या नोंदीत हे दिसणार नाही. भाग वेल्ड होणार असेल तर वेल्डेड अवस्थेची मूल्यं डिझाइन कोडमधून घ्या. भाग दीर्घकाळ १५० अंश सेल्सिअसच्या वर तापणार असेल, तरी ताकद कायमची उतरते.

एककं तपासा

९६.५ मध्ये दशांश दिसतो म्हणून मोजमाप तितकं बारीक झालं, असं समजू नका. मूळ आकडा १४ हजार पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असा गोल आहे. २७६ म्हणजे ४० हजार, ३१० म्हणजे ४५ हजार पीएसआय. मॅटवेबवर आकड्यावर क्लिक केलं की मूळ मूल्य दिसतं. हिशेबात तेच घ्या, म्हणजे रूपांतरातली गोलाई दोनदा होणार नाही.

पडताळणीचा एक सोपा मार्ग: घनता (२.७ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर) आणि यंग्ज मोड्युलस, म्हणजे मटेरियलचा ताठपणा (६८.९ गिगापास्कल), टेंपरनुसार जवळजवळ बदलत नाहीत. एखाद्या नोंदीत तेच फार वेगळे दिसले, तर मटेरियल किंवा एकक चुकलं आहे.

प्लॅस्टिकच्या नोंदीत एक शेरा हमखास शोधा. नायलॉन कोरडं असताना मोजलंय की ओलावा शोषल्यावर? दोन्हींच्या मोड्युलसमध्ये दुपटीच्या आसपास फरक असू शकतो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात चालणारा गिअर कोरडा राहत नाही.

शेवटी हिशेबाच्या कागदावर नोंदीचं पूर्ण नाव, टेंपर, आकडा किमान की टिपिकल, आणि पाहिल्याची तारीख लिहून ठेवा. माल आल्यावर टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (धातू ज्या घाण्यात ओतला त्याचा क्रमांक) मालावरच्या नंबरशी जुळवा. सर्टिफिकेटवरची यील्ड तुम्ही धरलेल्या किमान आकड्यापेक्षा कमी असेल, तर तो माल मशीनवर चढवण्याआधीच बाजूला काढा.