इंजिन बदललेल्या अ‍ॅम्बेसेडरला ब्रेक कोणते बसवावेत?

जुन्या अ‍ॅम्बेसेडरच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत आणि १४८९ सीसीच्या इंजिनाला ते पुरत. त्याच गाडीत इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन बसवले की हिशेब बदलतो. गाडी ताशी ८० ऐवजी ११० किमीने पळत असेल, तर थांबवताना ब्रेकवर पडणारी ऊर्जा जवळजवळ १.९ पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बोरघाट उतरताना ड्रम तापून फुगतो, आतून त्यावर दाबणाऱ्या शूपासून लांब जातो आणि पॅडल खाली बसते.

म्हणून लोक थेट डिस्क शोधायला निघतात. ही घाई नको. आधी आहेत ते ब्रेक ठीक करा, मग मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर), त्यानंतर डिस्क.

१. आहे ते तपासा. चारही ड्रम उघडा. व्हील सिलिंडरचे (चाकातला शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरचे) रबर उचलून आत ओल आहे का बघा. डाव्या चाकाच्या शूवर ब्रेक ऑइल उतरले असेल तर गाडी उजवीकडे खेचते. मागच्या चाकात ओल दिसली तर ती अ‍ॅक्सलच्या ऑइल सीलमधूनही आलेली असू शकते. तेल प्यायलेले लायनर (शूवरचे घासणारे अस्तर) पेट्रोलने धुऊन परत वापरू नका, बदलाच. तीनही रबरी हौज पाइप नवे घ्या. जुना हौज आतून सुजला की ऑइल जाते पण परतत नाही, आणि चाक धरून राहते.

२. मास्टर सिलिंडर दुहेरी करा. जुन्या एकेरी सर्किटमध्ये एक हौज फुटला की चारही ब्रेक एकदम जातात. दुहेरी, म्हणजे टँडम, सिलिंडरात पुढची किंवा मागची जोडी तरी शिल्लक राहते. पैसे एकाच कामाला पुरत असतील तर ते इथे घाला.

बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, निवडताना जपून. १९.०५ मिमी बोअरऐवजी २२.२ मिमीचा घेतला तर क्षेत्रफळ ३६ टक्के वाढते. पॅडलचा प्रवास कमी होतो, पण तेवढाच दाब मिळवायला पाय ३६ टक्के जास्त जोराने दाबावा लागतो. उलट डिस्कच्या कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला) ऑइल जास्त लागते, त्यामुळे फार लहान बोअर घेतला तर पॅडल फळीला टेकते. कॅलिपर ज्या गाडीचा, त्याच गाडीच्या सिलिंडरचा बोअर धरून सुरुवात करणे सर्वांत सुरक्षित.

३. पुढे डिस्क, मागे ड्रम. नंतरच्या काही अ‍ॅम्बेसेडरना पुढे डिस्क येत. हब, डिस्क, कॅलिपर आणि ब्रॅकेट असा त्यांचा पूर्ण सेट कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरच्या बाजारात मिळाला तर वेल्डिंग वाचते. तिथल्या डिस्कची जाडी व्हर्नियरने मोजा. तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा कमी भरली तर सोडून द्या. कॅलिपर आणि चाकाच्या रिममध्ये निदान ३ मिमी फट हवी.

मागे डिस्क लावण्याची हौस टाळा. ब्रेक मारताना वजन पुढे येते आणि मागची चाके हलकी होतात. ती आधी जाम झाली तर गाडी फिरते. मागच्या लाइनवर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवून तिथला दाब कमी ठेवा.

ड्रम ब्रेकच्या जुन्या मास्टर सिलिंडरात सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असू शकतो. तो डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड सतत घासतात. मास्टर सिलिंडर पायाखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असेल तर मात्र डिस्कसाठी २ पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह लागतो, नाहीतर ऑइल परत खाली उतरते.

४. बूस्टर. इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा हा भाग. पेट्रोल इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डला (हवा आत नेणाऱ्या नळीला) गेज लावून आयडलिंगला साधारण १८ इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम मिळतो का पाहा. डिझेलला पुरेसा मिळत नाही. तिथे व्हॅक्यूम पंप हवाच. बूस्टरशिवाय पॅडलचे गुणोत्तर (पायाचा जोर तरफेने किती पट होतो ते) ६:१ च्या आसपास ठेवतात, बूस्टर असल्यास ४:१ पुरते.

५. पाइप आणि नट. सर्वांत घातक चूक इथेच होते. अ‍ॅम्बेसेडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, त्यामुळे तिच्या पाइपचे नट ३/८ इंच, इंचाला २४ आट्यांचे. जपानी धाटणीच्या गाड्यांचे पार्ट एम१० × १, म्हणजे १० मिमी व्यासाचे आणि १ मिमी अंतराच्या आट्यांचे. इंची नट मेट्रिक भोकात सहज फिरतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, पण जोराने ब्रेक मारल्यावर निसटू शकतो. प्रत्येक जोड थ्रेड गेजने तपासा. फ्लेअरचा (पाइपच्या पसरवलेल्या टोकाचा) आकारही दोन्हीकडे एकच हवा. साधा तांब्याचा पाइप वापरू नका. स्टीलचा किंवा तांबे-निकेलचा ४.७५ मिमी पाइप घ्या.

६. जोडणी आणि एअर काढणे. पुशरॉड (पॅडलकडून येणारी दांडी) आणि मास्टर सिलिंडरच्या पिस्टनमध्ये साधारण १ मिमी मोकळीक ठेवा. ती नसेल तर ऑइल परतण्याचे छिद्र बंद राहते आणि गाडी तापली की ब्रेक आपोआप धरतात. एअर निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आला पाहिजे. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निपल खाली जातो. मग कितीही पंप मारा, पॅडल स्पंजासारखेच राहील.

ऑइल डॉट ४, नव्या सीलबंद डब्यातले. त्याचा उत्कलनबिंदू किमान २३०° से., ओलावा शोषल्यावर १५५°. सिलिकॉनचे डॉट ५ त्यात मिसळू नका.

७. चाचणी. मोकळ्या, ओल्या जागेत ताशी ३० किमीने जोरात ब्रेक मारा आणि बाहेर उभ्या माणसाला कोणती चाके आधी थांबतात ते पाहायला सांगा. मागची थांबली तर व्हॉल्व्हने मागचा दाब आणखी उतरवा. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसण्यासाठी ताशी ६० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा, दर वेळी थोडे अंतर चालवून थंड होऊ द्या. तापल्या डिस्कवर पॅडल दाबून गाडी उभी ठेवू नका. इंजिन बदलाची आरटीओ नोंद राहिली असेल तर रस्त्यावर काढण्याआधी करून घ्या. ५०० किमीनंतर प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून ओल आहे का पाहा.