इंग्लंडमध्ये घर घेताय? न बांधलेल्या खोलीचे पैसे मोजू नका

घराच्या जाहिरातीत ‘एक्स्टेंड करायला वाव, एसटीपीपी’ असं असतं. त्या चार अक्षरांचा अर्थ ‘प्लॅनिंगची परवानगी मिळाली तर’. परवानगी कुणी मागितलेलीही नसते, पण किमतीत ती खोली बऱ्याचदा आधीच धरलेली असते.

एफएसआयचं गणित विसरा. इथे घराला ‘परमिटेड डेव्हलपमेंट’चा हक्क असतो, म्हणजे प्लॅनिंगचा अर्ज न करता ठरावीक बांधकाम करता येतं. मागच्या बाजूला एकमजली बांधायचं तर सेमी (एका बाजूने जोडलेलं घर) आणि टेरेस्डला (रांगेतलं घर) 3 मीटर, डिटॅच्डला (सुटं घर) 4. कौन्सिलकडे (स्थानिक पालिका) प्रायर अप्रूव्हलचा, म्हणजे आगाऊ मान्यतेचा अर्ज केला आणि शेजाऱ्यांच्या हरकतींतून तो तरला, तर 6 आणि 8.

हे माप मूळ घराच्या मागच्या भिंतीपासून धरतात. मूळ म्हणजे 1 जुलै 1948 ला होतं तसं. घर त्यानंतरचं असेल तर पहिल्यांदा बांधलं तसं. आपली माणसं आपटतात ती इथेच. जुन्या मालकाने मागे अडीच मीटर स्वयंपाकघर वाढवलेलं असेल, तर 3 मीटरमधला अर्धा मीटरच तुमच्या वाट्याला. म्हणून घर बघताना आधी मागच्या अंगणात जा. विटांचा रंग बदलतो का, भिंतीत वरपासून खालपर्यंत सरळ सांधा दिसतो का, शेजारची भिंत आपल्यापेक्षा आत आहे का, ते बघा. आत स्वयंपाकघराच्या मध्यावर छताला आडवी तुळई उतरलेली दिसली, तर तिथे पूर्वी बाहेरची भिंत असण्याची शक्यता मोठी. कौन्सिलच्या साइटवर पत्ता टाकून प्लॅनिंगचा इतिहासही बघा, पण नोंद नाही म्हणजे बांधकाम नाही असं समजू नका. हक्कात बसलेल्या बांधकामाला अर्जच लागत नाही.

तिथेच अंगणात मॅनहोलचं झाकण शोधा. ते कुंडीखाली किंवा डेकिंगखाली (लाकडी फळ्यांचा ओटा) दडलेलं असतं. दोन घरांचं सांडपाणी एकत्र वाहून नेणाऱ्या बहुतेक नळ्या 1 ऑक्टोबर 2011 पासून पाणी कंपनीच्या मालकीच्या झाल्या. त्यांच्यावर किंवा 3 मीटरच्या आत बांधायचं तर कंपनीची संमती लागते. झाकण नव्या खोलीच्या आत येणार असेल तर ते सहसा बाहेर हलवावं लागतं, आणि पाया भरायच्या आधीच बजेटला भगदाड पडतं.

लॉफ्ट (छपराखालचा माळा) खोलीसाठी बघायचा तर लेझर टेप सोबत न्या. हॅचमधून (छतातली झडप) वर जाऊन जमिनीच्या तुळयांपासून आढ्यापर्यंत मोजा. 2.2 मीटरहून कमी भरलं तर नाद सोडा, कारण जमिनीची आणि इन्सुलेशनची जाडी त्यातूनच जाणार. आत डब्ल्यूच्या आकाराच्या कैच्या दिसल्या (साठच्या दशकानंतरच्या घरांत बऱ्याचदा असतात) तर स्टीलचा खर्च वाढतो. अर्जाविना छप्पर वाढवण्याच्या घनफळाची मर्यादा टेरेस्डला 40 घनमीटर, बाकीच्यांना 50. आधी वाढवलेलं छप्परही त्यात मोजतात.

‘समोरच्या पटेलांनी केलंय, आपल्यालाही मिळेल’ हे व्हॉट्सअॅपवरचं कायदेशास्त्र आहे. फ्लॅटला परमिटेड डेव्हलपमेंटचा हक्क मुळात नाही. कॉन्झर्व्हेशन एरियात (जतन केलेला जुना भाग) तो आखडलेला असतो, आर्टिकल 4 हा कौन्सिलचा आदेश लागू असेल तिथे त्यातला काही भाग काढून घेतलेला असतो, आणि नव्या वसाहतींत मूळ परवानगीच्या अटीतच तो रद्द केलेला असू शकतो. टायटल रजिस्टरमधल्या (मालकीची नोंद) कव्हेनंट्स, म्हणजे घरावरच्या अटीही वाचा. वसाहत बांधणाऱ्या बिल्डरची लेखी संमती घेण्याची अट तिथे सापडते, आणि कौन्सिलच्या होकाराने ती सुटत नाही.

सामाईक भिंतीला हात लावायचा तर शेजाऱ्याला दोन महिने आधी पार्टी वॉल नोटीस. त्याने सर्व्हेअर मागितला तर त्याची फी सहसा तुमच्याच खिशातून. काम करणाऱ्या बिल्डरचा आकडा ‘प्लस व्हीएटी’ (कर वेगळा) असेल तर त्यावर 20 टक्के चढवा.

कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज होईपर्यंत ऑफर बंधनकारक नसते हे खरं, पण तोवर सर्व्हे आणि सॉलिसिटरचे पैसे गेलेले असतात. म्हणून आधी एखाद्या स्थानिक आर्किटेक्टला तासाभरासाठी घर दाखवा, आणि आधीचं बांधकाम असेल तर त्याचं बिल्डिंग रेग्युलेशन्सचं कम्प्लीशन सर्टिफिकेट (बांधकाम नियमांप्रमाणे झाल्याचा दाखला) एजंटकडे मागा. ‘शोधून सांगतो’ म्हणाला, तर ते हातात पडेपर्यंत ऑफरचा आकडा सांगू नका.